ताशी किती?

आमच्या घरात हल्ली रोज संध्याकाळी साडेसातच्या सुमारास एक प्रश्न विचारला जातो, आणि तो माझ्याकडे बघून विचारला जातो. "आजोबा, चाल आणि वेग यांत फरक काय?" प्रश्न नातवाचा. तो नववीत आहे. त्याच्या आईवडिलांना उत्तर येत असणार, कारण दोघेही इंजिनियर आहेत. पण ज्यांना उत्तर येते ते त्या वेळी रस्त्यात कुठेतरी अडकलेले असतात, आणि जे घरी सापडतात त्यांना उत्तर येत नाही, असा या जगाचा एकंदर नियम आहे.

'चाल' हा शब्द तसा माझ्या लहानपणापासूनच्या ओळखीचा. गाण्याला चाल असते. बुद्धिबळात चाल असते. मुलगी दाखवायला आणली की तिला चार पावले चालायला लावून तिची चाल बघण्याचा अडाणीपणा आमच्या पिढीपर्यंत चालू होता. आणि वरच्या मजल्यावरच्यांनी आपणहून चहाला बोलावले तर त्यात त्यांची काहीतरी चाल आहे, असे आमच्या सौ.चे ठाम मत असते. पण पुस्तकातली चाल निराळी निघाली. कापलेले अंतर भागिले लागलेला वेळ, झाली चाल. इथपर्यंत मी ठीक होतो. वेगापाशी आल्यावर मात्र 'विस्थापन' नावाचा शब्द आडवा आला. विस्थापन म्हटले की मला धरणग्रस्तांचा मोर्चा आठवतो. शेवटी, ज्याला शिकवायचे त्याच्याकडूनच शिकून घ्यावे हा शिक्षणशास्त्रातला जुना मार्ग मी पत्करला.

"विस्थापन म्हणजे निघालात तिथपासून पोचलात तिथपर्यंतची सरळ रेषा," नातू म्हणाला. "दिशेसकट. मधे तुम्ही कुठे कुठे हिंडलात त्याच्याशी काही संबंध नाही."

"म्हणजे मी सकाळी घरून निघालो, दिवसभर राबलो आणि संध्याकाळी घरी परत आलो तर?"

"विस्थापन शून्य. म्हणून तुमचा सरासरी वेगसुद्धा शून्य."

शून्य! मी वहीचे मागचे पान फाडून घेतले आणि हिशेब मांडला. १९७७ ते २०१० अशी तेहतीस वर्षे मी डोंबिवलीहून फोर्टातल्या कचेरीत जात होतो. डोंबिवली ते तेव्हाचे व्ही. टी., आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हे अंतर ४८ किलोमीटर. जाऊन येऊन ९६. रजा, सुट्ट्या, संप आणि रुळांवर पाणी साचल्याचे दिवस वजा करून वर्षाचे २८० दिवस धरले. गुणाकार आला ८,८७,०४० किलोमीटर. चंद्र इथून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. म्हणजे मी चंद्रावर जाऊन परत आलो, आणि वर आणखी लाखभर किलोमीटर उरले, तेसुद्धा बहुतेक उभ्याने. आणि एवढे करून विस्थापन शून्य!

ही बातमी मी स्वयंपाकघरात जाऊन सौ.ला सांगितली. ती आमटीला फोडणी देत म्हणाली, "हे मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. त्याला पुस्तक कशाला हवं?"

असो. यापुढे मी बोलीभाषेतला 'वेग' हाच शब्द वापरणार आहे. शास्त्रज्ञांनी आणि नातवाने माफ करावे.

खरे म्हणजे या विषयात मी इतका कच्चा असायला नको होतो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, मराठी शाळेत मास्तर होते आणि काळ-काम-वेगाच्या गणितांवर त्यांचा भारी जीव. त्यांच्या गणितात रोज दोन गावांहून दोन आगगाड्या एकमेकींच्या दिशेने निघत. त्या किती वाजता भेटतील हे आम्ही काढायचे. एकदा एका पोराने विचारले, "मास्तर, एकाच रुळावरनं निघाल्यात का?" अण्णा म्हणाले, "तसं असेल तर उत्तर लवकर काढ."

गंमत म्हणजे अण्णांनी स्वतः आगगाडीत पहिले पाऊल ठेवले ते वयाच्या तिशीनंतर. त्याआधी काही वर्षे त्यांनी शेकडो गाड्या वेळेवर सोडलेल्या होत्या, फळ्यावर.

मला त्यांचे एक गणित अजून आठवते. जाताना ताशी ६०, येताना त्याच रस्त्याने ताशी ४०, तर सगळ्या प्रवासाचा सरासरी वेग किती? मी ताडकन् सांगितले, पन्नास. अण्णांनी छडी उचलली नाही. ते म्हणाले, "रस्ता एकशेवीस किलोमीटर धर. जायला किती वेळ लागला? दोन तास. यायला? तीन. म्हणजे दोनशेचाळीस भागिले पाच. किती झाले? अठ्ठेचाळीस. कुठे गेले तुझे दोन?" माझे दोन कुठे गेले ते मला समजेना. मग ते शांतपणे म्हणाले, "अरे, हळू चाललं होतं तेव्हा तू रस्त्यात जास्त वेळ होतास. म्हणून सरासरीत त्या चाळीसला मान जास्त." पुढे संसारात पडल्यावर याचा अर्थ मला पुष्कळ खोल लागला. बरे दिवस भुर्रकन् जातात, वाईट दिवस मुक्कामाला राहतात, आणि आयुष्याची सरासरी काढताना मुक्कामाला राहिलेल्या पाहुण्याचेच वजन जास्त भरते.

याच जातीतले दुसरे गणित तर अगदी खट्याळ आहे. साठ किलोमीटर जायचे आहे. पहिले तीस किलोमीटर तुम्ही ताशी तीसच्या वेगाने गेलात. आता सगळ्या प्रवासाची सरासरी ताशी साठ व्हायला हवी, तर उरलेले तीस किलोमीटर किती वेगाने जाल? दहातले नऊजण म्हणतात, नव्वद. वाचकहो, तुम्हीही मनात नव्वदच म्हणालात ना? पण ताशी साठने साठ किलोमीटर जायला लागतो एक तास, आणि तो तास तर तुम्ही पहिल्या अर्ध्यातच संपवलात! आता तुम्ही विमानाने जा नाहीतर अग्निबाणावर बसा, सरासरी साठ होणे नाही. अशाच एका कोड्यात मॅक्स वेर्टहायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने साक्षात आइन्स्टाईनना टाकले होते, आणि आकडेमोड करेपर्यंत यातली खोच लक्षात आली नाही, हे त्या थोर माणसाने पत्रातून मोकळेपणाने कबूल केले होते. आइन्स्टाईन आणि मी यांच्यात साम्याचा हा एकच मुद्दा, म्हणून तो मी कुठेही सांगतो.

हे कोडे ऐकले की मला सेवानिवृत्तीच्या निरोपसमारंभातली भाषणे आठवतात. "आता सगळी राहिलेली हौस भरून काढा!" असे आम्हाला साहेब म्हणाले होते. म्हणजे पहिले तीस किलोमीटर हौस न करता काढलेत, आता उरलेल्यात ताशी नव्वदने हौस करा. हार घालून घेतला आणि 'हो' म्हणालो. तास आधीच संपला असण्याची शंका अशा प्रसंगी बोलून दाखवायची नसते.

आता सरासरी कमी का होते, याकडे वळू. डोंबिवलीकर माणसाला हे शिकवावे लागत नाही. डोंबिवलीत मुळात माणसांच्या दोन जाती आहेत, फास्टवाले आणि स्लोवाले. मी जन्माने देशस्थ असलो तरी कर्माने फास्टवाला. फास्टवाल्याला स्लो गाडीतल्या माणसाबद्दल जे वाटते ते ऋग्वेदी घनपाठ्याला भजनी मंडळाबद्दल वाटत असावे. 'जातो बिचारा स्टेशन-स्टेशन करत!'

या स्लो गाडीची एक कहाणी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आपल्याकडची पहिली प्रवासी आगगाडी गेली. अंतर ३४ किलोमीटर. वाफेच्या इंजिनांनी ते सुमारे सत्तावन्न मिनिटांत तोडले, असे सांगतात. म्हणजे ताशी छत्तीसच्या आत-बाहेर. आज विजेवरची स्लो लोकल त्याच ३४ किलोमीटरला किती घेते? जवळजवळ तेवढाच वेळ! हे मला प्रथम कळले तेव्हा मी डब्यात चौथ्या सीटवर अर्धा बसून मोठ्याने म्हणालो, "म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांत आपण केलं काय?" समोर एक रेल्वेतलेच गृहस्थ वर्तमानपत्राची चौघडी करून वाचत होते. ते मान वर न करता म्हणाले, "सतरा स्टेशनं."

मी बोटांवर मोजली. मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड... नाहूर तेव्हा नवेच होते आणि मग मुलुंड. बरोबर सतरा. प्रत्येक ठिकाणी गाडी वेग आवरते, थांबते, पुन्हा वेग धरते. रुळावर मधूनमधून ती त्या वाफेच्या गाडीला कुठल्याकुठे मागे टाकत असेल. पण सतरा थांब्यांनी सरासरी खाली येते. आणि त्या सतरा थांब्यांवर होते काय? माणसे चढतात! एकाही ठिकाणी न थांबणाऱ्या लोकलची सरासरी डोळे दिपवणारी येईल, फक्त तिच्यात माणूस नसेल. तिला मग लोकल म्हणत नाहीत. ती कारशेडला चाललेली असते.

घाट चढणाऱ्या गाड्यांचेही तेच. कर्जतला गाडी थांबवून तिला मागून ढकलणारी इंजिने लावतात. पुढे बोरघाटात सदतीस फूट चाललात की एक फूट वर, अशी चढण आहे. कर्जतचा थांबा सरासरीच्या मुळावर येतो, हे खरे. पण तो नको म्हणाल तर लोणावळाच नाही. दख्खनची राणी १९३० सालच्या जूनपासून पुण्या-मुंबईमध्ये धावते आहे. आज १९२ किलोमीटर सव्वातीन तासांच्या आसपास, म्हणजे ताशी साठाच्या घरात. यात घाट आला, थांबे आले, सगळे आले. प्रवासात आम्हाला आठवतात ते मात्र हे थांबेच. ताशी शंभराने कुठले शेत मागे गेले हे कोणाच्या लक्षात राहते? कर्जतचा वडा मात्र लक्षात राहतो.

आता माझ्या भाच्याकडे येतो. त्याला थांबणे मंजूर नाही. तो मला गेल्या वर्षी त्याच्या नव्या गाडीतून पुण्याला घेऊन गेला. शीळफाट्यापाशी आम्ही पाऊण तास काढला, तेव्हा त्याने स्टिअरिंगवर तबला वाजवला. एकदाचे द्रुतगती महामार्गाला लागल्यावर मात्र त्याने काटा एकशेवीसवर नेला. मर्यादा मोटारींना शंभराची, आणि घाटात साठाची.

"अरे, कॅमेरे आहेत ना?" मी कडी धरून विचारले.

"कॅमेऱ्यापाशी मी हळू करतो, मामा."

पण सरकार आता अण्णांच्या शाळेत शिकून आले आहे, हे भाच्याला ठाऊक नसावे. २०२४ पासून या रस्त्यावर जी कॅमेऱ्यांची व्यवस्था आली तिच्यात काही ठिकाणी सरासरी वेग काढतात. या कमानीखालून किती वाजता गेलात, त्या कमानीखालून किती वाजता गेलात, मधले अंतर भागिले वेळ. कमानीपाशी तुम्ही नववधूसारखे खाली मान घालून गेलात तरी भागाकार चुकत नाही. हे मी त्याला समजावून सांगितले. भाचा पाच मिनिटे गप्प होता. मग त्याने गाडी एका फूड मॉलला वळवली.

"दहा मिनिटं चहा घेऊ," तो म्हणाला. "म्हणजे सरासरी बसते."

त्या चहाच्या किमतीत मी कचेरीत असताना आठवडाभर पुरी शाखा चहा प्यायली असती. पिता पिता मी मागच्या पावतीवर हिशेब केला. महामार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. घाट वगैरे विसरून सगळा सपाट धरला तरी ताशी शंभराने सत्तावन्न मिनिटे, एकशेवीसने सव्वासत्तेचाळीस. म्हणजे छातीत धडकी भरवून पोराने वाचवली असती साडेनऊ मिनिटे. आणि दहा मिनिटे तो इथे बसून होता, वाचवलेला वेळ खर्च करत!

इथवर गंमत होती. पण नातवाच्या पुस्तकाने मला आणखी एक गोष्ट शिकवली होती. वेग शंभराचा एकशेवीस झाला की वाढतो एक पंचमांश. पण ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर वाढते त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे शंभराला चव्वेचाळीसने. मी भाच्याला म्हटले, "अरे, सरासरी तुझी नव्वद येईल आणि दंडही चुकेल. पण समोर अचानक कुणी आलं, तर त्याला तुझी सरासरी लागणार नाही. त्या क्षणाला काट्यावर जे असेल तेच लागेल."

"मामा, तुम्ही चहा घ्या," भाचा म्हणाला.

पण पुढे पुण्यापर्यंत त्याने काटा शंभराच्या वर नेला नाही. आणि मी मात्र गप्प गप्प होत गेलो. कारण जे वाक्य मी शहाणपणाने त्याला ऐकवले होते, ते वळून माझ्याच अंगावर येत होते. कसे, ते सांगतो. त्याआधी त्वरणाबद्दल दोन शब्द.

त्वरण म्हणजे वेगात होणारा बदल. आणि शरीराला कळतो तो फक्त बदल. वेग मुळीच कळत नाही. आत्ता तुम्ही खुर्चीत निवांत बसून हे वाचत आहात, आणि पृथ्वी तुम्हाला घेऊन सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटर, म्हणजे ताशी लाखाहून जास्त वेगाने चालली आहे. चहा हिंदकळतो का? नाही. दिशा वळते म्हणून थोडेसे त्वरण असते, पण ते इतके बारीक की जाणवत नाही. उलट लोकल सुटताना जेमतेम चालायच्या वेगाची असते, तरी नवखा माणूस शेजाऱ्याच्या गळ्यात पडतो. जुना प्रवासी पाय फाकून आडवा उभा राहतो. तो वेगाशी नव्हे, बदलाशी जुळवून घेतो. आणि घाटात काटा स्थिर असूनसुद्धा सौ.ला लिंबू हुंगावे लागते, कारण वेगाचा आकडा तोच राहिला तरी दिशा बदलते, आणि दिशा बदलणे हेही त्वरणच. तात्पर्य, बदल पुरेसा सावकाश केला तर माणसाला कुठेही नेता येते. त्याला पत्ता लागत नाही.

आई गेल्यावर १९९४ साली अण्णा आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आले. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. रोज संध्याकाळी ते फडके रोडवरून गणपतीच्या देवळापर्यंत जात. आमच्या घरापासून ते बरोबर एक किलोमीटर. मी पावलांनी बारा मिनिटांत जाई. अण्णांना पन्नास मिनिटे लागत. ते हळू चालत हे खरे, पण त्याहून जास्त ते थांबत. फुलवालीपाशी थांबत. छत्र्या दुरुस्त करणाऱ्यापाशी थांबत. एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकत, तिथे बाजूच्या इस्त्रीवाल्याची मुलगी पाटी-दप्तर घेऊन बसलेली असे.

शनिवारी मला लवकर सुट्टी असे, तेव्हा सौ. मला त्यांच्याबरोबर पाठवी. मी दोन पावले पुढे आणि घड्याळाकडे बघत. एकदा मी त्यांना म्हटले, "अण्णा, एक किलोमीटरला पन्नास मिनिटं! ताशी एक पूर्णांक दोन दशांश झाले. मुंगीसुद्धा ओव्हरटेक करील."

ते हसले. "अरे, चालायला मला वीसच मिनिटं लागतात. ताशी तीन. उरलेली तीस मिनिटं मी चालतच नसतो. ती तू चालण्याच्या खात्यावर का टाकतोस?"

मला त्यांच्या खात्यांत रस नव्हता. पुढच्याच शनिवारी, फुलवालीशी त्यांचे तिच्या जावयाच्या नोकरीबद्दल बोलणे चालू असताना, मी तिच्यादेखत म्हणालो, "चला आता. तुमच्याबरोबर आलं की माझी सगळी संध्याकाळ फुकट जाते."

ते काही बोलले नाहीत. निघाले. परतताना कुठेही न थांबता, धापा टाकत, माझ्या पावलाबरोबर पाऊल टाकायचा प्रयत्न करत चालले. आणि पुढच्या शनिवारी सौ.ला म्हणाले, "त्याला विश्रांती घेऊ दे. मी जातो एकटा." त्यानंतर मला कुणी 'चल' म्हटले नाही. मीही विचारले नाही. संध्याकाळ वाचली होती ना!

तीन वर्षांत त्यांची चाल हळूहळू उतरत गेली. पन्नासाची साठ मिनिटे झाली, साठाची सव्वा तास. देवळाऐवजी फुलवालीपर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, मग गॅलरीपर्यंत. हे इतके सावकाश झाले की घरात कुणाला धक्का बसला नाही. ऋण त्वरण म्हणतात ते हेच. १९९७ च्या पावसाळ्यात अण्णा गेले.

मी मुलगा म्हणून वाईट होतो असे कोणी म्हणणार नाही. औषध वेळेवर आणले, डॉक्टर घरी आणला, दर दिवाळीला धोतरजोडी घेतली, मोतीबिंदूच्या वेळी रजा टाकून दवाखान्यात बसलो. सरासरी काढाल तर माझी सरासरी चांगली भरेल. कुठल्याही कमानीखाली मला दंड होणार नाही. पण ते एक वाक्य मी एकशेवीसने बोललो होतो. आणि समोर जो उभा होता त्याला माझी सरासरी लागली नाही.

दिवस झाल्यावर दारावर माणसे येऊ लागली. फुलवाली आली. छत्रीवाला आला, तो अण्णांची छत्री घेऊन आला, दुरुस्तीला दिलेली, आणि पैसे घेईना. एक रिक्षावाला आला. डोंबिवलीत मी वीस वर्षे राहत होतो आणि यातल्या एकाचेही नाव मला माहीत नव्हते. अण्णा तीन वर्षे होते आणि त्या सगळ्यांना माझे नाव, माझा हुद्दा, माझा रक्तदाब ठाऊक होता. शेवटी इस्त्रीवाल्याची मुलगी आली. दारातच उभी राहून म्हणाली, "आजोबांनी गणित घातलं होतं. बरोबर आलंय का विचारायचं होतं."

मी वही घेतली. गणित आगगाडीचेच होते. सहा थांबे, प्रत्येक थांबा दोन मिनिटांचा. मी दोनदा तपासले. तिने थांबे धरले होते. मी खाली 'बरोबर' असे लिहिले आणि सही करायची की नाही ते न कळून तशीच वही परत दिली.

यावरून 'सावकाश चाला, भेटेल त्याच्याशी बोला' असा उपदेश मी करणार असेन, अशी तुम्हाला भीती वाटली असेल. मुळीच नाही. संध्याकाळी सहाच्या गर्दीत रेल्वेच्या पुलाच्या जिन्यावर मधोमध उभे राहून जुन्या मित्राची खुशाली विचारणारा माणूस संत नसतो. तो मागच्या दोनशे माणसांची गाडी चुकवत असतो. रुग्णवाहिकेने थांबे घेऊ नयेत. मोटरमनने फुलवालीच्या जावयाची चौकशी करू नये. दुसऱ्याचा वेळ आपण थांबून खाऊ नये, आणि दुसऱ्याचा जीव आपण धावून घेऊ नये, हे दोन्ही खरे. घाई हे पाप नाही आणि दिरंगाई हे पुण्य नाही. माझी अडचण फक्त हिशेबाची आहे. मी तेहतीस वर्षे फास्ट गाडीने रोज वीसेक मिनिटे वाचवली. ती सगळी मिळून महिनोनमहिने होतात. ते महिने मी कुठे ठेवले, ते मला आता सापडत नाहीत. आणि अण्णांनी वाया घालवलेली तीस तीस मिनिटे मात्र जिन्यावरून चढून एकेक करत माझ्या दारात आली होती.

हल्ली देवळापर्यंत जायला मला पस्तीस मिनिटे लागतात. कधीकधी नातू बरोबर येतो. तो दहा पावले पुढे असतो, हातात फोन. फोनमध्ये चालण्याचा वेग कळतो म्हणे. परवा फुलांच्या गाडीपाशी मी थांबलो. आता तिथे त्या फुलवालीची सून बसते. तिच्या मुलाच्या बारावीचे काय झाले ते विचारत होतो. तेवढ्यात पुढून हाक आली, "आजोबा, किती वेळ! तुमची सरासरी ताशी एक पूर्णांक सातवर आलीय!"

मी ओरडून विचारले, "थांबे धरलेस का?"

"धरले म्हणूनच तर एवढी कमी आली!"

पोरगा हुशार आहे. थांबे धरतो. थांबत मात्र नाही. तो धडा बहुधा पुढच्या इयत्तेत असावा.